जीप दोन इंच वर

आमच्या घरात जीपच्या पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसत नसे. हे ऐकलं की लोक चेहरा पाडून विचारायचे, काही झालं होतं का तिथं? अहो, काही झालं नव्हतं. माझे बाबा जन्मभर सरकारी जीपचे ड्रायव्हर, आणि ती जागा साहेबाची, एवढंच कारण. खात्यानं जीप मोडीत काढली, लिलाव झाला, बाबांनी ती स्वतः घेतली, धुऊन-पुसून अमरावतीच्या घरासमोर उभी केली, तरी ती जागा साहेबाचीच राहिली. आई मागे बसायची, मी मागे बसायची. डाव्या सीटवर पाण्याची कॅन आणि बाबांचा दुपट्टा. आई एकदा चिडून म्हणाली होती, "त्या कॅनलेच बायको म्हना आता." बाबा हसले, पण कॅन काही हलली नाही. माझ्या छोट्या कारमध्येसुद्धा ते मागेच बसतात. का, तर म्हणे, "समोर बसलं का माहे पाय ब्रेक धुंडतात."

मी लहान असताना बाबा कामावरून आले की त्यांची साहेबाबद्दल एकच तक्रार असायची. "मानूस खालीच नाही उतरत वो! धरनापाशी नेलं तरी सीटवर बसूनच पायते. अरे बापा, उतर, माती पाय, पानी पाय." बाबांना स्वतःला उतरल्याशिवाय चैन नाही. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जीप थांबली न थांबली की यांचे पाय मातीत असायचे, आणि आम्ही मागच्या सीटवरून धडपडत उतरेपर्यंत ते अर्ध्या वावरात पोचलेले असायचे.

वावर भातकुलीच्या पुढे आहे. तीन एकर, सगळी काळी माती. आजोबा त्याच शिवारात दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं राबले. बाबांनी पगार साठवून त्याच शिवारात हे तीन एकर घेतले. आमच्याकडे देवघर नाही, पण त्या वावराचा सातबारा आईनं तिच्या चांगल्या पातळात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसाआड वावरात जायचे. करायला काही असो वा नसो. नुसतं धुऱ्यावरून फिरून आले तरी त्या दिवशी एक पोळी जास्त जायची.

यंदा होळी झाली आणि त्यांनी जाणं बंद केलं.

विचारलं की पांदणीवर खापर. डांबरी रस्ता सोडल्यावर वावरांमधून दीड किलोमीटर कच्ची वाट आहे, ती आमची पांदण. "ट्रॅक्टरवाल्यानं सत्यानाश केला तिचा," बाबा म्हणायचे. "दोन्हीकून चाकाच्या खोल नाल्या न मधात हा असा उंचवटा. जीपचं पोट घासते. एखाद्या दिवशी खालचं सगळं खरडून निघन, मंग बसा." मी म्हटलं, शेजारच्या वावरवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जा. तर केवढ्यानं डाफरले माझ्यावर! "माह्याच वावरात मी पावना म्हनून जाऊ का?"

मग बाबा ओसरीत खुर्ची टाकून बसायला लागले. शेजाऱ्याला दिवसातून तीनदा फोन. मुगाले पानी झालं का, तूर कुठवर आली, कुंपनाचा तार कोनी तोडला. फोन ठेवला की गप्प. जीपवर रोज फडकं मारायचे, तेवढंच. माणूस डोळ्यांदेखत म्हातारा होताना मला दिसत होता, आणि मला ते सहन होईना. मला राग आला की मी कामाला लागते, तशी लागले. यंदाच्या पावसाळ्यात बाबांना त्यांच्या जीपमधून त्यांच्या वावरात पोचवायचंच, असं मी ठरवलं. पोट घासतं ना? मग पोट वर घेऊ.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. स्प्रिंग हा माझा हातखंडा धडा. एका रविवारी पांदणीत चालत गेले, फूटपट्टीनं उंचवटा मोजला, घरी येऊन जीपखाली आडवी पडले आणि तिचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. दीड इंच कमी पडत होतं. थोडं मार्जिन धरून दोन इंच. पाठकोऱ्या कागदावर छान आकृती काढली, बाण दाखवले, खाली एकक लिहिलं. आता फक्त सामान आणायचं, असं मला वाटलं. किती भाबडी होते मी!

अशा सामानाला लिफ्ट किट म्हणतात हे मला नेटवर कळलं. तिथं सगळे जण गाडीवरून डोंगर चढणारे. पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "मॅम, तुमचा ऑफ-रोडिंग ग्रुप कोणता?" म्हटलं, ग्रुप नाही, तीन एकर तूर आहे. त्यानं विचारलं, "म्हणजे ट्रेल का?" म्हटलं, हो बाबा, ट्रेलच समज. मग मॉडेल कोणतं, साल कोणतं, पुढचा ॲक्सल कसला. मी सांगितलं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. इतक्या जुन्या सरकारी जीपचं किट कुणी बनवत नाही म्हणाला. दुसऱ्यानं होकार दिला आणि जो फोटो पाठवला तो भलत्याच गाडीचा निघाला. तिसरा चार इंचांच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. "दोन इंचात लुक येत नाही, मॅम." लुक! सत्तरी उलटलेल्या माणसाला मुगाच्या शेंगा बघायला जायचंय आणि याला लुक हवाय.

अमरावतीत दुकानं काही कमी नाहीत. महिनाभर कॉलेज सुटलं की मी एकेक पालथं घातलं. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं न विचारलं, "सर नाही आले का?" दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात मी आत पाय ठेवतानाच म्हटलं, "सर नाही आले, सर येणार नाहीत, जे बोलायचं ते माझ्याशी बोला." तो बिचारा घाबरला. त्याच्याकडे फक्त काचेचे वायपर मिळत होते.

शेवटी बडनेरा रोडवरच्या एका जुन्या ट्रक-सामानवाल्यानं माझा कागद उलटसुलट पाहिला न म्हणाला, "बाई, तुमी भलत्याच गोष्टीच्या मागं लागल्या. हे किट-बिट काई नाही लागत तुमच्या जीपले. कमानपाटे आहेत न तिले खाली? मंग कमानवाला धुंडा. अकोल्याले एक चाचा आहेत, त्यायच्या हाताखालून गेलेला पाटा पुन्हा खाली बसत नाही." किती साधी गोष्ट! जीपच्या चारही चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या थप्प्या असतात, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. त्याच तिच्या स्प्रिंगा. त्या वर्षानुवर्षांच्या वजनानं सपाट होतात. त्यांना पुन्हा बाक दिला, एखादा पाटा वाढवला, की गाडी वर येते. मी इतकी वर्षं फळ्यावर स्प्रिंग शिकवते आणि हे मला एका ट्रक-सामानवाल्यानं सांगावं, याची मला मनातून लाज वाटली.

पुढच्या रविवारी माझी कार काढली न अकोल्याला गेले. आईला सांगितलं, बाबांना नाही. त्यांना चकित करायचं होतं.

चाचांचं दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे भट्टी, आणि चहूकडे पाटेच पाटे. भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला गाठ मारलेली सुतळी आणि तिला लटकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चाचांनी चष्मा पुसला, माझा कागद वाचला, परत वाचला. "कागद एक नंबर आहे, बेटी," ते म्हणाले. "दोन इंच होऊन जाईन. जास्त मांगू नको, गाडी डोलते मंग. पन मले सांग, बसनारा कोन आहे?"

"म्हणजे?"

"म्हंजे चालवनारा. गाडी उचलली का पाय बी तेवढाच उचला लागते न बाप्पा. मी तं ट्रकवाल्याचा बी गुडघा मापतो पह्यले. त्याले घेऊन ये, मंग पाटे उतरवू."

आता इथं मी जे केलं त्याला माफी नाही. एक तर चकित करायचा बेत फिसकटला असता. आणि दुसरं, "सर नाही आले का" ऐकून ऐकून माझं टाळकं आधीच फिरलेलं होतं. मला वाटलं, हेही तेच विचारताहेत, फक्त गोड बोलून. मी ताडकन म्हणाले, "बसणारी मीच!"

चाचांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "तू चालवतं? जीप?"

"चालवते."

शुद्ध खोटं. बाबांनी मला त्या जीपच्या स्टिअरिंगला कधी बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. चाचांनी मात्र मान डोलावली. मला स्टुलावर बसवलं, पाय जेवढा वर उचलता येईल तेवढा उचलायला लावला, जमिनीपासून तळपायापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, चिठ्ठी लिहिली न खिळ्याला टांगून दिली.

जीप इकडे अमरावतीतच आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे पाठवायची होती. तो पाटे खाली उतरवणार, मी ते कारच्या डिकीत घालून अकोल्याला नेणार. बाबांना सांगितलं, सर्व्हिसिंगला द्यायची आहे. एरवी सर्व्हिसिंग म्हटलं की बाबा स्वतः जीप घेऊन जातात आणि दिवसभर मिस्त्रीच्या उरावर स्टूल टाकून बसतात. या वेळी किल्ली काढून म्हणाले, "त्यालेच बलाव. तोच नेईन. मले कटाळा आला." मी आपली मनात खूश, की बरं झालं, आयतंच जमलं. गाढव कुठली! जो माणूस किल्ली उशाशी घेऊन झोपतो, तो मिस्त्रीला किल्ली काढून देतो, याचं मला काहीच वाटू नये?

चाचांनी पाटे चार दिवसांत करून दिले. काय काम केलं होतं! प्रत्येक थप्पीला सुबक बाक, सगळ्यांचा सारखा. मिस्त्रीनं ते चढवले, बाकीचं लहानसहान सामान त्या उंचीला जुळवलं आणि श्रावणातल्या एका सकाळी जीप दारात आणून उभी केली. मी बाबांना डोळे मिटायला लावून ओसरीतून खाली आणलं.

बाबांनी डोळे उघडले. जीपकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग चाकाशी जाऊन पाट्यांवरून हात फिरवला. "कोनाचं काम आहे हे?" त्यांनी विचारलं. मी सगळी कथा सांगितली. पांदण मोजल्याची, पुण्याच्या त्या लुकवाल्याची, अकोल्याच्या चाचांची. बाबा ऐकत होते न पाट्यांवरून हात फिरवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. "आवो, पाह्यलं का," ते आईला म्हणाले, "पोरीनं जीप नवी केली."

मग ते उजव्या बाजूला गेले. स्टिअरिंग धरलं, डावा पाय उचलला. पाय वर पोचला नाही. "थांब, चप्पल सरकून राहिली," म्हणाले, न चप्पल काढली. पुन्हा पाय उचलला. गुडघ्यात काहीतरी कळ आली असावी, कारण दोन्ही हातांनी दार धरून ते तसेच उभे राहिले. मी धावले तर हातानंच नको म्हणाले. तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. "उद्या जाऊ," ते म्हणाले. "आज आभाळ भरून आलं." आभाळात एक ढग नव्हता.

मी वर खोलीत गेले न दार लावून घेतलं. दीड महिना मी जीपचं पोट मोजत होते, पांदणीचा उंचवटा मोजत होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याचा पाय किती वर जातो हे मला ठाऊक नव्हतं. रडू आलं. रडून झाल्यावर राग आला, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर आला. मी चाचांना फोन लावला. "तुम्ही जास्त उचलली गाडी! माझ्या वडलांना चढता येत नाहीये!"

चाचा शांतपणे म्हणाले, "तूच म्हनली का नाही, बसनारी मीच? तुही सुतळी अजून खिळ्याले टांगून आहे, बेटी. तुह्या पायाच्या हिशेबानं गाडी बराबर आहे. अब्बाले घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी कारमध्ये बाबांना मागच्या सीटवर बसवलं न अकोला गाठलं. वाटभर बाबा खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूरला चहा प्यायलो, तेव्हा बाबांनी स्वतःच्या बशीतलं अर्धं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. म्हणजे राग नव्हता.

चाचांनी बाबांना स्टुलावर बसवलं. दोघं एकाच वयाचे निघाले. पाय उचलायला लावला, सुतळी धरली, गाठ मारली. मग "ही 'बसनारी मीच' म्हननारीची," असं म्हणत माझी सुतळी खिळ्यावरून काढून शेजारी धरली. वीतभर फरक होता. मला ती वीत बघवेना, मी भट्टीकडे पाहत उभी राहिले.

"पाटे खाली नाही करायचे," चाचा म्हणाले. "मंग पांदन पोटाले लागनच. लोखंडाचं पायदान बनवून देतो, मधात एक पायरी. वरते धराले दांडा. मिस्त्रीले म्हना बोल्टानं कसून दे. उजव्या बाजूनं न?"

मीच म्हणाले, "हो, उजव्या."

"डाव्या," बाबा म्हणाले.

"बाबा, ड्रायव्हरची बाजू उजवी."

"तू मले शिकवतं का?" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. मग सुतळीकडे बघत हळू आवाजात बोलले, "क्लच दबून नाही राहिला माह्यानं. होळीपासून. दाबला का गुडघ्यात असा जीव जाते का मले ब्रेकचंही भान राहत नाही. एकदा पांदनीच्या तोंडाशी शेजाऱ्याच्या बैलाच्या अंगावर जीप गेली असती. थोडक्यात वाचला."

मी म्हटलं, "मग तो उंचवटा? ते पोट घासतं?"

"ते बी घासते," बाबा म्हणाले. "पन वाट खराब आहे म्हनलं का कोनी अजून काई विचारत नाही."

चाचा आमच्या दोघांत पडले नाहीत. खडूनं लोखंडी पट्टीवर खूण केली न भट्टीकडे गेले. मी बाबांच्या शेजारी खाली बसले. शेवटी मी विचारलं, "मग चालवणार कोण?"

"बसनारी मीच, असं तूच सांगतलं म्हने त्यायले," बाबा म्हणाले. "तवा आता शिक."

घरी येऊन आईला सांगितलं तर ती शेंगा सोलत म्हणाली, "मले माहीत होतं. रातभर मीच तेल लावतो न गुडघ्याले." मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "मले शपथ घातली होती. अन् तुले सांगून काय झालं असतं? तू डॉक्टर मोजत बसली असती."

पायदान बसलं. श्रावणातलाच रविवार होता. बाबांनी डाव्या सीटवरची पाण्याची कॅन स्वतः उचलून मागे आईच्या पायाशी ठेवली. दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, दुसरा आत घेतला न बसले. बसले, पण दार लावेनात. समोर बघत नुसते बसून राहिले. मग माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ते दार त्यांनी बाहेरून लावलं होतं, आतून कधीच नाही. मी वळसा घालून गेले आणि दार लावलं.

"हळू. कडी जुनी आहे," ते म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले. पाय अगदी बरोबर पोचला. थट्टा करावी म्हणून विचारलं, "कुठी जायचं, सायेब?"

बाबा हसले नाहीत. दांड्यावरचा हात त्यांनी नीट केला न म्हणाले, "माह्या वावरात."

भातकुलीपर्यंत माझी जीप चारदा बंद पडली. चारही वेळा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचा डावा पाय माझ्या क्लचबरोबर रिकामाच हलत होता. पांदणीला लागलो तसं त्यांनी डोकं बाहेर काढलं न कान खाली लावले. चाकं नाल्यांमध्ये उतरली, मधला उंचवटा पोटाखालून सरकत गेला, आणि कुठं काही घासलं नाही. "पयल्यावर ठेव. घाबरू नको. चालू दे," ते म्हणत राहिले. शेवटच्या वळणाला तर म्हणालेही नाहीत.

धुऱ्याशी मी जीप थांबवली. समोर तूर कमरेएवढी, तिच्या ओळींमधल्या तासांत मूग काळवंडून तोडायला आलेला. मी पटकन खाली उतरले, वळसा घातला, पायदानाशी उभी राहून दाराला हात लावला. मला वाटलं, आता यांचे पाय मातीत.

"थांब," बाबा म्हणाले. ते दांडा धरून ताठ बसले होते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वावर बघत होते. "येथून तं सगळं दिसते वो. त्या कोपऱ्यापर्यंत."

"उतरायचं नाही का?"

"बसू दे जरा," ते म्हणाले.

मी दारावरचा हात काढला आणि तिथंच उभी राहिले.